उकिडवं बसण्याला चिनी आणि जपानी लोक काय म्हणतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जपानीतून मराठीत भाषांतरं करते. चिनी नंतर शिकायला घेतली, अजून शिकतेच आहे. विद्यार्थी, सहकारी आणि एकदा तर मुलाला केंदोच्या, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या क्लासला घालणारे एक काका, अशा सगळ्यांनी या एका बसण्याबद्दल मला इतक्यांदा विचारलंय की उत्तरं एका जागी लिहून ठेवलेली बरी. चिनी अक्षरं इथे काढून दाखवलेली नाहीत, त्यांचं वर्णन केलंय. उच्चार देवनागरीत जमतील तितपत दिले आहेत.

चिनीत ‘उकिडवं बसणं’ म्हणजे काय?

तुन. रोजच्या प्रमाण चिनीत हाच शब्द. ‘खाली बस’ असं सांगायचं तर तुनश्या, ‘तो उकिडवा बसलाय’ म्हणायचं तर तुन-च (हा ‘च’ मराठीतला नव्हे, चिनी प्रत्यय आहे).

मराठी माणसाची इथे एक गंमत होते. आपल्याकडे उकिडवं बसणं हा बसण्याचाच एक प्रकार आहे: मांडी घालून बसतात, पाय पसरून बसतात, तसं उकिडवं बसतात. चिनीत तसं नाही. बसणं म्हणजे त्सुओ, आणि तुन हे त्याहून वेगळं, स्वतंत्र क्रियापद. बूड कशाला तरी टेकलं की तुन संपलं आणि त्सुओ सुरू झालं. त्यामुळे ‘उकिडवे बसा’ याचं शब्दाला शब्द चिनी करायला गेलात तर समोरचा खुर्ची शोधेल.

हा शब्द सगळ्यात स्वच्छ ऐकू येतो तो ग्रुप फोटोच्या वेळी. फोटोवाला ओरडतो, ‘पुढची रांग तुनश्या!’ आणि पुढचे सगळे टाचा टेकवून खाली. आपल्याकडचा फोटोवाला नुसतं ‘पुढचे बसा रे’ म्हणतो आणि कसं बसायचं ते ज्याच्या त्याच्या पँटवर सोडतो.

उच्चार ‘दुन’ की ‘तुन’?

रोमन लिपीत डी, यू, एन असं लिहितात म्हणून बरेच जण ‘डुन’ किंवा ‘दुन’ म्हणतात. खरा आवाज आपल्या ‘त’च्या जवळचा आहे, स्वर ‘तुन’ आणि ‘त्वन’ यांच्या मधला, सूर वरचा आणि सपाट. चिनीत फरक आहे तो ‘त’ आणि ‘थ’ असा, म्हणजे श्वास सोडण्याचा. हा फरक इंग्रजी बोलणाऱ्याला महिनोन्महिने घोटावा लागतो, मराठी माणूस तो पाळण्यातच शिकलेला असतो. रोमन लिपी बाजूला ठेवून कानावर भरवसा ठेवा.

हे अक्षर दिसतं कसं?

डावीकडे ‘पाय’. पावलाशी, चालण्याशी, उडी मारण्याशी संबंधित शेकडो अक्षरांत डावीकडे हाच पाय असतो. उजवीकडचा भाग म्हणजे ‘त्सुन’ हे वेगळं अक्षर. त्याचा मूळ आकार हातांनी धरलेल्या मद्यपात्राचा, आणि आजचा अर्थ मान, आदर.

आता लगेच ‘पाय अधिक आदर, म्हणजे आदराने पाय दुमडून बसणं’ अशी फोड करावीशी वाटेल. करू नका. उजवा भाग तिथे फक्त उच्चार सुचवायला आहे. चिनी अक्षरांच्या अशा गोड फोडी समाजमाध्यमांवर रोज फिरतात आणि त्यातल्या बऱ्याचशा घरी बनवलेल्या असतात. ही तर फारच फसवी आहे, कारण प्राचीन चीनमध्ये उकिडवं बसणं आदराच्या अगदी उलट टोकाला होतं. ते पुढे येईलच.

तुन फक्त शरीराबद्दलच वापरतात का?

छे. मला तर या शब्दाचे पसरलेले अर्थच जास्त आवडतात. मूळ कल्पना एकच: एका जागी खाली बसायचं आणि हलायचं नाही.

तुरुंगात जाण्याला ‘मोठ्या कोठडीत तुन’ म्हणतात. आपणही ‘तो आत बसलाय’ म्हणतोच. पोलीस साध्या कपड्यांत एखाद्या घरावर पाळत ठेवून असतात ते तुनशोऊ. उत्तरेकडच्या बोलीत नापास होऊन त्याच इयत्तेत राहणं म्हणजे तुनपान, वर्गात उकिडवं बसणं. मराठीतलं ‘पोरगं त्याच वर्गात बसलं’ आठवतंय ना? पक्षाचा किंवा सरकारचा माणूस एखाद्या गावात, कारखान्यात मुक्काम ठोकून तिथलं काम जवळून बघतो ते तुनत्येन, म्हणजे ‘एका बिंदूवर बसणं’.

शेतीतला शब्द मात्र खास आहे: तुनम्याओ, रोपांना उकिडवं बसवणं. मका, कापूस अशा पिकांची रोपं कोवळी असताना मुद्दाम पाणी आणि खत आवरतं घ्यायचं. वरची वाढ जरा थांबते, रोप खाली बसल्यासारखं बुटकं राहतं आणि मुळं ओलाव्याच्या शोधात खोल जातात. नंतर पाणी दिलं की पीक जोमाने उठतं आणि वाऱ्याने सहज लोळत नाही. आपले शेतकरी पाण्याचा ताण देतात. डाळिंबाला बहार धरण्यासाठी देतात तेव्हा त्याचा हेतू वेगळा असतो, पण पाणी तोडायची हिंमत दोन्हीकडे सारखीच लागते. चिनी शेतकऱ्याने त्या ताणाला माणसाची बैठक दिली.

आणि हल्लीचं इंटरनेट. कुणी म्हणालं, ‘या ड्रेसची लिंक थोड्या वेळाने टाकते’, की खाली प्रतिक्रियांत नुसतं ‘तुन’ असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे ‘मी इथेच बसून वाट बघतेय’. आपल्याकडे अशा ठिकाणी नुसता ठिपका टाकतात.

मुलांच्या खेळातही हा शब्द आहे म्हणे?

हो, ‘मुळा-बैठक’. प्रत्येक मूल एका रंगाचा मुळा होतं. पांढरा मुळा उठाबशा काढत म्हणतो, ‘पांढरा मुळा तुन, पांढरा मुळा तुन, पांढरा मुळा तुन झाला, आता लाल मुळा तुन!’ की लाल मुळ्याने लगेच सुरू व्हायचं. गोंधळला तो बाद. शिकवणीत शब्द पक्का करायला याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही, फक्त खालच्या मजल्यावरच्यांची परवानगी काढा.

सगळ्या चीनमध्ये तुनच म्हणतात?

लिहिताना हो, बोलताना नाही. हाँगकाँग आणि ग्वांगदोंगच्या कँटोनीजमध्ये ‘मउ’ म्हणतात. तैवानी बोलीत ‘खू’. वायव्येकडे, शान्शी प्रांतात आणि आसपास ‘कच्यू’ असा शब्द कानावर पडतो.

या शान्शीबद्दल दोन ओळी जास्त लिहायलाच हव्यात. तिथल्या ग्वानचुंग खोऱ्यातल्या लोकांच्या विचित्र सवयींची एक यादी गमतीने म्हणतात. त्यात ‘नूडल कमरेच्या पट्ट्याएवढे रुंद’ असं एक कलम आहे आणि ‘बाक असून बसत नाहीत, त्यावर उकिडवे बसतात’ असंही एक. बाकावर, हां. बाकाच्या शेजारी नव्हे. जेवायच्या वेळी गल्लीतले पुरुष परातीएवढाले वाडगे घेऊन बाहेर येत, भिंतीच्या कडेला उकिडवे बसत आणि जेवता जेवता गावभरच्या गप्पा होत. या जमावाला ‘मोठ्या वाडग्यांची सभा’ असं नाव आहे. आपल्या पारावरच्या बैठकीत फक्त जेवण मिळवा.

मग प्राचीन चीनमध्ये असं बसणं असभ्य का मानत?

याला कारण बसण्याची जुनी रीत. खुर्च्या नव्हत्या. लोक चटईवर गुडघे टेकून, टाचांवर बूड ठेवून बसत, जपानी लोक आज ज्याला सेइझा म्हणतात तसे. खालचं वस्त्र झग्यासारखं, आत आजच्यासारखी शिवलेली विजार नाही. अशा वेळी गुडघे वर करून किंवा पाय फाकवून बसलं की पुढच्याला काय दिसेल हे सांगायला नको. गुडघे उभे ठेवून बसण्याला ‘च्यू’ असा शब्द होता. त्यातला सगळ्यात उद्धट प्रकार म्हणजे ‘चीच्यू’. ‘ची’ म्हणजे सूप. पाय पुढे पसरून फाकवले की माणसाचा आकार धान्य पाखडायच्या सुपासारखा होतो, म्हणून सूप-बैठक.

या बैठकीचे किस्से भरपूर आहेत. कन्फ्युशियसचा एक जुना ओळखीचा, युआन रांग, त्याची वाट बघत असाच पाय फाकवून बसला होता. कन्फ्युशियस त्याला म्हणाला ते थोडक्यात असं: लहानपणी नम्रता नाही, मोठेपणी सांगण्यासारखं काही नाही, म्हातारा झालास तरी मरत नाहीस, नुसता उपद्रव आहेस! आणि हातातल्या काठीने त्याच्या नडगीवर ठोसा दिला. एवढ्या मोठ्या सभ्यतेच्या आचार्याने काठी उचलली ती एका बैठकीपायी.

इसवी सनपूर्व २२७ मध्ये चिंग ख नावाचा मारेकरी छिन राज्याच्या राजाला मारायला गेला आणि वार चुकला. जखमी होऊन तो खांबाला टेकला, हसला, आणि सूप-बैठकीत पाय पसरून राजाला शिव्या घातल्या. हातात शस्त्र उरलं नव्हतं. राजाचा अपमान करायला बैठक तेवढी शिल्लक होती. इतिहासकाराने ती नेमकी टिपून ठेवली आहे.

पण मला आवडते ती कन्फ्युशियसच्या परंपरेतल्या मेन्शियस या तत्त्वज्ञाची गोष्ट. तो खोलीत शिरला तर बायको एकटी, गुडघे वर करून ऐसपैस बसलेली. हा तडक आईकडे. म्हणाला, हिला रीतभात नाही, हिला माहेरी पाठवतो. आईने विचारलं, तुला कसं कळलं? मी डोळ्यांनी पाहिलं. मग आई म्हणाली, तर मग रीत तू मोडलीस. दारातून आत येताना आवाज द्यायचा, खोलीत शिरताना नजर खाली ठेवायची, हे शास्त्र तुला माहीत नाही? ती एकटी असताना तू न सांगता आत गेलास. मेन्शियस गप्प बसला आणि घटस्फोट टळला. दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या या गोष्टीत सासू सुनेची बाजू घेते, ही नोंद वेगळी करायला हरकत नाही.

पुढे बाहेरून घडीच्या चौरंगासारखं आसन आलं. त्याचं नावच ‘परक्यांचा पलंग’. हान वंशाचा सम्राट लिंग याला, म्हणजे दुसऱ्या शतकात, त्याची फार हौस होती. सुंग काळापर्यंत (दहावं ते तेरावं शतक) खुर्ची सर्रास झाली आणि गुडघे टेकून बसायची रीत चीनमधून गेली, जपानात मात्र राहिली. गुडघे टेकायचा नियमच गेल्यावर उकिडवं बसण्यात मोडण्यासारखं फारसं काही उरलं नाही.

‘राहणे’ या अर्थाचं अक्षर मुळात उकिडवं बसण्याचं होतं, हे खरं का?

खरं. आजच्या चिनीतलं ‘च्यू’, निवास करणे, याचा अर्थ इसवी सन १०० च्या सुमाराच्या जुन्या कोशात सरळ ‘तुन’ असा दिला आहे. पुढे ते अक्षर निवासासाठी घेतलं गेलं, म्हणून बसण्याच्या अर्थासाठी त्याला डावीकडे पाय जोडून वेगळं अक्षर वापरू लागले.

जपानीत हेच अक्षर ‘इरु’ या क्रियापदाला लिहितात. माणूस किंवा प्राणी ‘आहे’ म्हणायचं तर इरु. त्याचाही जुना अर्थ खाली बसणं, स्थिरावणं. इझाकायामधला पहिला ‘इ’ तोच: दारूच्या दुकानात नुसती बाटली न घेता बसून प्यायची जागा. फोनवर ‘काय करतोयस?’ म्हटल्यावर ‘काही नाही, बसलोय’ असं आपण उत्तर देतो. त्याचा अर्थ बूड टेकलंय असा थोडाच असतो?

जपानीत शागामु, कागामु, उझुकुमारु यांपैकी कोणता शब्द वापरायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि कोशात बघून याचं उत्तर मिळत नाही, कारण तिन्हीपुढे साधारण सारखाच अर्थ दिलेला असतो. मी चित्रं डोळ्यांपुढे आणते.

अंगणात एक पोरगी मुंग्यांची रांग बघत बसली आहे. गुडघे पूर्ण दुमडलेले, बूड टाचांपाशी, हनुवटी गुडघ्यावर. ही शागामु. यात दुःख नाही, आदर नाही, फक्त खाली झालेलं शरीर आहे. खुरपणी करणाऱ्या बाया, नळाखाली बादली धरणारा माणूस, सगळे शागामु.

उंच माणूस बुटक्या दारातून आत येतोय, किंवा आजी कपाटाखाली गेलेलं नाणं वाकून बघतेय. कंबर किंवा गुडघा मोडला आहे, पण पूर्ण खाली गेलेला असेलच असं नाही. ही कागामु. आपलं वाकणं आणि ओणवं होणं याच्या आसपासचं. कागामु वाढत वाढत शागामुपर्यंत जाऊ शकतं. दोघांना एकच अक्षर लिहिता येतं, म्हणूनच लोक बहुधा अक्षर टाळून काना या साध्या, उच्चारानुसार लिहायच्या लिपीत लिहितात.

लोकल स्टेशनवर एक माणूस अचानक पोट धरून खाली बसला. मान आत, पाठ गोल, शरीराचं मुटकुळं. हा उझुकुमारु. थंडीने, वेदनेने, भीतीने, अशक्तपणाने माणूस आतल्या आत मिटतो तेव्हा हा शब्द. मुंग्या बघणाऱ्या पोरीला उझुकुमारु म्हटलंत तर ऐकणारा विचारेल, काय झालं तिला?

मजा म्हणजे याच नावाचं भांडंही आहे. शिगाराकी भागातल्या जुन्या ओबडधोबड मातीच्या लहान बरण्या पुढे चहाच्या खोलीत फुलदाणी म्हणून वापरल्या जाऊ लागल्या. त्यांना उझुकुमारु म्हणतात. गुडघ्यांना मिठी मारून बसलेल्या माणसासारख्या दिसतात म्हणून. एकदा चित्र बघा, पुन्हा अर्थ विसरणार नाही.

चौथा शब्द चूगोशी, ‘अर्धी कंबर’. ना उभं, ना बसलेलं. फोटोत दुसऱ्या रांगेला हेच सांगतात. माझी एक जुनी चूक याच शब्दाची. कारखान्याच्या सुरक्षा-पुस्तिकेत ‘फार वेळ चूगोशीत काम करू नका, कंबर धरते’ असं वाक्य होतं. मी लिहिलं, ‘फार वेळ उकिडवे बसून काम करू नका’. छापायच्या आधी तिथल्या एका जुन्या फिटरकाकांनी पुस्तिका हातात घेतली आणि म्हणाले, ‘ताई, उकिडवं बसून कुणी करतच नाही हे काम. अर्धवट वाकून करतो, कंबर त्यानेच जाते.’ त्यांना जपानीचं एक अक्षर येत नव्हतं.

शागामु आणि शागांदे इरु यांत फरक काय?

पहिलं म्हणजे खाली बसण्याची क्रिया, दुसरं म्हणजे बसलेल्या स्थितीत असणं. ‘बसला’ आणि ‘बसलाय’. शागामिकोमु म्हणालात तर खाली बसला तो बसलाच, उठायचं नाव नाही.

केंदो आणि सुमोमधल्या बैठकीला काय म्हणतात?

सोंक्यो. चवड्यांवर बसायचं, टाचा वर, गुडघे बाहेरच्या बाजूला फाकवलेले, पाठ ताठ, नजर समोर. केंदोचा सामना सोंक्योने सुरू होतो आणि सोंक्योनेच संपतो. जिंकलेला असो वा हरलेला, तलवार आत घेण्याआधी दोघेही खाली बसतात. सुमोत मल्ल सोंक्योत बसून हात चोळतो, टाळी वाजवतो, हात बाजूला पसरून तळवे उलटसुलट दाखवतो: बघा, काही लपवलेलं नाही. पूर्वी बडी असामी रस्त्याने जात असली की बाजूला होऊन असं बसत.

आता यातली खरी मेख. सोंक्यो ज्या दोन अक्षरांत लिहितात ती म्हणजे चिनी तुन आणि च्यू. तीच दोन, ज्यातल्या दुसऱ्यावरून मेन्शियस बायकोला टाकायला निघाला होता. अक्षरं समुद्र ओलांडून गेली आणि अर्थाची इज्जत पूर्ण उलटली. माझ्या मते याचं कारण बैठकीतच आहे. सुपासारखं पसरलेलं शरीर आणि चवड्यांवर तोललेलं शरीर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोंक्योत पाय कापतात, पाठ जरा ढिली पडली की माणूस मागे पडतो. नियम पाळतोय हे शरीरालाच दाखवावं लागतं. त्या केंदोवाल्या काकांनी विचारलं होतं, ‘मुलाला रोज उठाबशा का काढायला लावतात?’ त्यांना मी घरी एक मिनिट तसं बसून बघायला सांगितलं.

त्सुकुबाइ म्हणजे काय?

जपानी चहाच्या बागेतलं दगडी पाण्याचं पात्र. ‘त्सुकुबाउ’ हे खाली वाकून, दबून बसण्याचं जुनं क्रियापद, त्याचंच हे नाम. पात्र मुद्दाम इतकं ठेंगणं ठेवतात की पाहुण्याला पुढच्या दगडावर उकिडवं बसल्याशिवाय हात धुता येत नाहीत, मग तो सरदार असो की व्यापारी. उभ्याने हात धुवायच्या उंच पात्राला वेगळं नाव आहे, ते त्सुकुबाइ नव्हे. हात धुऊन झाले की चहाच्या खोलीचं दार, तेही जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचं. म्हणजे आधी उकिडवं, मग गुडघ्यांवर सरकत आत.

सर्वांत प्रसिद्ध त्सुकुबाइ क्योतोच्या र्योआनजी मंदिरातलं. गोल दगड, मधोमध चौकोनी खळगा, चार बाजूंना चार खुणा. एकेकट्या खुणेला अपेक्षित अर्थ नाही. पण मधला चौकोन म्हणजे चिनी ‘तोंड’ हे अक्षर धरलं आणि प्रत्येक खुणेला जोडलं की चार अक्षरं होतात: ‘मला फक्त पुरेसं म्हणजे काय ते कळतं.’ यातल्या ‘पुरेसं’ या अक्षराचा दुसरा अर्थ पाय. तुनच्या डाव्या अंगाला असतो तोच.

त्सुकुबाइलाही लिहिताना बऱ्याचदा सोंक्योचीच दोन अक्षरं वापरतात. वाचताना संदर्भ बघा: आखाडा असेल तर सोंक्यो, बाग असेल तर त्सुकुबाइ.

ही अक्षरं जपानी परीक्षेसाठी पाठ करायची का?

गरज नाही. दोन्ही अक्षरं २१३६ अक्षरांच्या सरकारी नेहमीच्या यादीत नाहीत.

‘क्राउचिंग टायगर’मधला वाघ नक्की कसा बसलाय?

बसलेलाच नाही, आडवा पडलाय. २००० सालच्या आंग ली यांच्या चित्रपटाचं चिनी नाव ‘वोहू त्सांगलुंग’. ‘वो’ म्हणजे पहुडणं. इंग्रजी नावाने त्याला दबा धरायला लावला आणि आपण तेच गृहीत धरलं. चिनीत ही म्हण आहे: वरून साध्या दिसणाऱ्या जागी मोठे गुणी लोक लपलेले असतात. तिचं मूळ सहाव्या शतकातल्या यू शिन या कवीच्या ओळींत सांगतात. तिथे अंधारातल्या दगडांत वाघ दडल्यासारखा वाटतो आणि वळलेली मुळं पहुडलेल्या ड्रॅगनसारखी. म्हणजे मूळ कवितेत लपलेला वाघ होता आणि पडलेला ड्रॅगन. कालांतराने दोघांनी जागा बदलल्या!

खराखुरा दबलेला वाघ हवा असेल तर नानचिंगला जा. त्या शहराच्या भूगोलाचं वर्णनच ‘च्यू केलेला वाघ, वेटोळं घातलेला ड्रॅगन’ असं करतात. आज तिथे दोन रस्ते त्याच नावांचे आहेत, एक वाघाचा, एक ड्रॅगनचा. माणसाने केलेली च्यू असभ्य, वाघाने केली की शहराची शान.

‘यांकी बैठक’ म्हणजे अमेरिकन लोकांसारखं बसणं का?

नाही. जपानीत यांकी म्हणजे टवाळ, उनाड पोरं. १९८० च्या दशकात रंगवलेले केस, ढगळ विजारी घालून दुकानासमोर उकिडवं बसणारी टोळकी, त्यांची ती यांकी-झुवारी. याच बैठकीचं दुसरं नाव उंको-झुवारी, शी करायला बसल्यासारखं बसणं. वर मी म्हटलं की चिनीत उकिडवं बसणं हा बसण्याचा प्रकार मानत नाहीत. जपानी बोलीतले हे दोन शब्द मात्र तसं मानतात: झुवारी म्हणजे बसणंच.

संडासाचे शब्द?

चिनीत भारतीय पद्धतीचं भांडं म्हणजे ‘तुन-भांडं’ आणि कमोड म्हणजे ‘बसायचं भांडं’, बोलीत ‘माथुंग’. काम न करता खुर्ची अडवणाऱ्याबद्दल चिनीत फार रोखठोक म्हण आहे: संडास अडवून बसलाय, पण करत काही नाही. जपानीत उकिडव्याला वाशिकी, म्हणजे जपानी पद्धतीचा, आणि दुसऱ्याला योशिकी, पाश्चात्त्य पद्धतीचा म्हणतात. टोटो कंपनीचं वॉशलेट, म्हणजे पाण्याचा फवारा मारणारी कमोडची बैठक, १९८० मध्ये आलं. आजची जपानी मुलं शाळेत वाशिकी दिसला की बिचकतात, आपल्या शहरी मुलांसारखीच.

व्यायामातल्या स्क्वॉटला काय म्हणायचं?

चिनीत शनतुन, ‘खोल तुन’. कुंगफूमध्ये गुडघे मोडून घोड्यावर बसल्यासारखं स्थिर राहतात ती मापू, ‘घोड्याचं पाऊल’. जपानीत सरळ सुकुवात्तो. पण जपानी व्यावसायिक कुस्तीगीर तालमीत घाम गाळतात त्या प्रकाराला तिकडे ‘हिंझू सुकुवात्तो’ म्हणतात, हिंदू स्क्वॉट. खाली जाताना टाचा उचलायच्या, हात मागून पुढे झोकायचे. कोल्हापूरच्या तालमीतल्या कुठल्याही पोराला दाखवा, तो म्हणेल, ही तर बैठक!

मांडी घालून बसणं यातच येतं का?

नाही. जपानीत ते अगुरा, आणि ते ज्या अक्षरांत लिहितात त्यांचा अर्थ ‘परक्यांची बैठक’. गुडघे टेकणंही वेगळं. हान काळातल्या चिनी माणसाला आपल्या पंगतीत बसवलं असतं तर त्याच्या दृष्टीने आपण सगळेच परके ठरलो असतो.

खो-खोचं वर्णन जपानीत करायचंय. रांगेतल्या खेळाडूंसाठी कोणता शब्द?

शागामु. मध्यरेषेवर आठ जण, एक इकडे तोंड, एक तिकडे, ‘खो’ मिळाला की उठायचं: शागांदे इरु. सोंक्यो लिहू नका, खेळाडू मानवंदना देत नाहीत. उझुकुमारु तर अजिबात नको, वाचणारा रुग्णवाहिका बोलावेल.